बाळंतिणीचा न्यायनिवाडा नको

बाळ जन्मल्याची वार्ता मालवण किनाऱ्यावरच्या घरी पोहोचते. खुशाली विचारून होते न होते तोच पुढचा प्रश्न येतो : ‘नॉर्मल झाला, की सिझर केल्यानी?’ प्रश्न साधा असतो. त्यामागून येणारे शेरे मात्र साधे नसतात. ‘हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत’, ‘आम्ही चार-चार बाळंतपणे सुईणीच्या हातून घरातच काढली’ ही वाक्ये बोलणाराच्या लेखी गप्पांतली असतात. पोटावर टाके घेऊन पडलेल्या बाळंतिणीला ती दूषणासारखी लागतात. याउलट, शस्त्रक्रियेवाचून प्रसूती व्हावी असे म्हणणारीला हट्टी ठरवणारेही असतात. दोन्हीकडून निवाडा होतो तो आईचाच.

जुना अनुभव आणि आजचे आकडे

वडीलधाऱ्या स्त्रियांचा अनुभव खोटा नाही. परंतु तो सांगायला ज्या राहिल्या, त्यांचाच तो आहे. मूल आडवे येणे, वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे, प्रसूती अडणे अशा प्रसंगी सुईणीचे कौशल्य अपुरे पडे. ‘पहिली बायको बाळंतपणात गेली’ हे वाक्य जुन्या घराण्यांत अपरिचित नाही. अशाच माता आणि बाळे आज सिझेरियनमुळे वाचतात.

तथापि, या शस्त्रक्रियांचे वाढते प्रमाण विचार करायला लावणारे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात हे प्रमाण 2015-16 मध्ये 20.1 टक्के होते. 2019-21 मध्ये ते 25.4 टक्के झाले. याच काळात देशभरातील खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के, तर सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. एवढी तफावत स्त्रियांच्या सोशिकतेतून निर्माण होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेचे कारण डॉक्टरांना अवश्य विचारावे. आईकडून खुलासा मागू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये हेच सुचवले : ठरावीक टक्केवारी गाठण्यापेक्षा, जिला गरज आहे त्या प्रत्येक स्त्रीला ही शस्त्रक्रिया मिळणे महत्त्वाचे.

विलंब जिवावर बेतू शकतो

शेऱ्यांच्या धास्तीने निर्णय लांबणे हा खरा धोका आहे. मालवणहून ओरोसचे जिल्हा रुग्णालय किंवा गुंतागुंत असल्यास गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे, तर रस्त्यावरचा वेळ फारसा कमी करता येत नाही. ‘आणखी थोडी वाट पाहू, होईल नॉर्मल’ असे म्हणत घरच्या माणसांनी दवडलेला वेळ मात्र टाळता येतो. बाळाचे ठोके मंदावले असतील किंवा रक्तस्राव होत असेल, तर क्षणाक्षणाला मोल असते.

तातडी नसेल तर सातव्या-आठव्या महिन्यातच गर्भवतीसह डॉक्टरांशी बोलावे. शस्त्रक्रिया का सुचवली? थांबल्यास कोणता धोका? दुसरा मार्ग आहे का? उत्तरे समजून घेऊन अंतिम संमती तिचीच असावी. केवळ मुहूर्तासाठी वैद्यकीय कारणाविना 39 आठवडे पूर्ण होण्याआधी शस्त्रक्रिया करवू नये. अशा बाळांना श्वसनाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. खर्चाची चिंता असल्यास, 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात सिझेरियनही विनामूल्य होते, हे लक्षात ठेवावे.

घरच्यांनी काय करावे?

सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. पहिले सहा आठवडे बाळंतिणीला बाळापेक्षा जड काही उचलू देऊ नये; विहिरीचे पाणी ओढणे तर दूरच. जखमेवर तेल, हळद वा धुरी नको. पोट बांधायचे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. पाणी तोडू नये. उकड्या तांदळाची पेज, भाज्या, डाळी, मासे असा नेहमीचा सकस आहार द्यावा. सिझेरियननंतर दूध येत नाही हा गैरसमज आहे. आई-बाळ स्थिर असल्यास पहिल्या तासातही अंगावर पाजता येते. बसताना आधाराला उशी आणि बाळ हाती देणारे माणूस एवढे पुरे.

ताप, जखमेतून पू, वाढता रक्तस्राव, पोटरीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांनंतरही ती उदास राहिली, रडू लागली, बाळाकडे पाहवेनासे झाले, तर ‘नाटके’ म्हणून सोडून देऊ नये. तोही उपचारांनी बरा होणारा आजार आहे. स्वतःचे वा बाळाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवल्यास तिला एकटी न ठेवता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

घरात आजीच्या शब्दाला वजन असते. पाचवीला जमलेल्या बायकांत कुणी शेरा मारलाच, तर ‘दोघेही सुखरूप आहेत, बाकी विचारू नका’ असे तिनेच म्हणावे, आणि मग सुनेला वा लेकीला विचारावे, ‘टाके दुखतात का गं? थोडी झोप, बाळाला मी घेते.’