किनारा सरकारचा, वाट कोणाची?

सुट्ट्या लागल्या की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडची कुटुंबे गोव्याचा नाहीतर तारकर्ली-हरिहरेश्वरचा बेत आखू लागतात. इथून समुद्र पाचशे किलोमीटरच्या पुढे, म्हणून राहण्याची सोय आधीच बघावी लागते, आणि मोबाइलवर हॉटेले चाळताना ‘प्रायव्हेट बीच’ हे दोन शब्द हमखास भेटतात. त्या दोन शब्दांपायी खोलीचे भाडे बरेच चढलेले असते. वाचणाऱ्याचा साहजिकच समज होतो की प्लॉट घ्यावा तसा समुद्रकिनाराही कोणीतरी विकत घेतलेला असणार. भारतात तसा तो घेता येत नाही. तरीही जिथे परक्या माणसाला पाऊल टाकता येत नाही असे किनारे आपल्याकडे आहेत, आणि ते कसे तयार होतात हे समजून घेण्यासारखे आहे. किनाऱ्याला कोणी हात लावत नाही. किनाऱ्याकडे जाणारी वाट तेवढी अडवली जाते. ही गोष्ट गोव्याची वाटली तरी हिंगोली जिल्ह्यालाही ती लागू पडते, कारण या जिल्ह्यालाही किनारे आहेत, फक्त ते धरणांचे आणि नद्यांचे आहेत.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीरेषेखालचे समुद्राचे आणि खाड्यांचे तळ, तसेच नद्या, ओढे, नाले, तळी, सार्वजनिक रस्ते आणि वाटा, ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध झालेला नाही ते सारे राज्य सरकारच्या मालकीचे. गोव्याच्या १९६८ च्या जमीन महसूल कायद्यातही अशीच तरतूद आहे. किनारा कोणा एकाचा नसतो हा विचार आपल्याकडे ब्रिटिशांनी आणला असला तरी तो त्यांचाही नाही. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचे संकलन केले, त्यातच हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा काठ या सर्वांच्या सामायिक गोष्टी म्हणून नोंदवलेल्या आहेत. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली आणि भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या बांधकामांवर बंधने आणली. तिच्या परिशिष्टात किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी एक साधी अट होती. लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून दोन हॉटेलांच्या मध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडायची, आणि खासगी मिळकतीला कुंपण घातले तरी त्याने लोकांची ये-जा अडता कामा नये. म्हणजे नुसती वाळू मोकळी ठेवून भागत नाही, तिथवर पोचता आले पाहिजे, हे अधिसूचना लिहिणाऱ्यांनी ओळखले होते.

ही ओळख किती महत्त्वाची होती हे पणजीजवळच्या दोना पावलाने दाखवून दिले. तिथे वायंगिणी नावाचा एक छोटा किनारा आहे. त्याच्या माथ्यावर हॉटेल उभे राहिले आणि हॉटेलच्या गरजेसाठी आणखी जमीन सरकारने संपादित करून कंपनीला दिली. १९८३ मध्ये सरकार आणि कंपनी यांच्यात जो करार झाला, त्यात लोकांची किनाऱ्याकडची ये-जा चालू ठेवण्याची अट होती. पुढे हॉटेलचे वाढीव बांधकाम झाले आणि पूर्वापार वाटेचा प्रश्न उभा राहिला. गोवा फाउंडेशन ही संस्था आणि स्थानिक लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००० मध्ये लोकांच्या बाजूने निकाल देऊन वाटेच्या आड आलेले बांधकाम पाडायला सांगितले, आणि २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. समुद्र, किनारा, नद्या या गोष्टी सरकारकडे विश्वस्त म्हणून असतात, मालक म्हणून त्या मनाला येईल तशा वाटून टाकण्याचा अधिकार सरकारला नाही, हे तत्त्व त्या निकालाच्या मुळाशी आहे. एवढ्यावर थांबले असते तर ही समाधानाची गोष्ट ठरली असती. पण त्याच वर्षी गोव्याने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली आणि अशा करारांच्या अटी मागच्या तारखेपासून बदलण्याची सोय करून घेतली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. कायदेमंडळाला निकालाचा पाया काढून घेता येतो, या घटनात्मक मुद्द्यावर तो निर्णय उभा आहे आणि त्यात वाद घालायला फारशी जागा नाही. पण लोकांच्या दृष्टीने घडले ते वाईटच घडले. किनारा सार्वजनिक आहे हे या सबंध लढ्यात कोणीच नाकारले नव्हते. जे काही झाले ते वाटेवरून झाले, आणि जी वाट राखायला लोकांना इतकी वर्षे लागली तिचे संरक्षण एका दुरुस्तीने ढिले पडले.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे प्रकरण परके वाटायचे कारण नाही. पाणंद अडवल्याची, शिवरस्ता नांगरून शेतात घेतल्याची, बांधावरून जाऊ न दिल्याची तक्रार नाही असे तहसील कार्यालय शोधून सापडणार नाही. शेत सातबाऱ्यावर आपल्या नावे असते, पण पेरणीला बैलगाडी किंवा ट्रॅक्टर नेता आला नाही तर त्या मालकीचा उपयोग काय, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणूनच जुन्या मोजणीत गावाचे नकाशे करताना वाटा काळजीपूर्वक दाखवल्या गेल्या. गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी, पायमार्ग एका तुटक रेषेने. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. आज त्या तुटक रेषांवर पऱ्हाटी आणि सोयाबीन उभे असले तरी नकाशावर त्या अजून आहेत, आणि वाद पुढे गेला की पुरावा म्हणून त्याच कामी येतात. किनाऱ्याच्या वाटांचा असा नकाशा मात्र बहुतेक ठिकाणी कोणी केलेला नाही.

बाहेरच्या बेटांवरचा अनुभवही हेच सांगतो. जमैकात १९५६ च्या कायद्याने भरती-ओहोटीमधला पट्टा राजसत्तेच्या ताब्यात दिला, पण तिथे जाऊन पोहण्याचा सर्वसाधारण हक्क सामान्य माणसाला दिला नाही. परिणाम असा की ज्या देशाचे नाव त्याच्या समुद्रामुळे जगभर झाले, तिथल्याच नागरिकांना आज किनाऱ्यावर जाण्याच्या हक्कासाठी चळवळ करावी लागते आहे. हवाईने उलट दिशा धरली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ठरवले की लाटांचे पाणी जिथवर चढते, म्हणजे साधारणपणे जिथून झाडोरा सुरू होतो, तिथपर्यंतचा काठ सार्वजनिक. शिवाय समुद्रालगत नवी वसाहत आखताना लोकांसाठी वाट सोडायला लावणारे कायदे तिथे झाले. दोन्हीकडे किनाऱ्याची मालकी सरकारचीच आहे. एका बेटावर वाट लिहून ठेवली गेली, दुसऱ्यावर ती लिहायची राहून गेली, आणि फरक तेवढ्यानेच पडला.

वाट सर्वांना खुली ठेवण्याविरुद्ध बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. पहिले म्हणणे स्वच्छतेचे. सार्वजनिक किनाऱ्यावर बाटल्या, प्लास्टिक आणि घाण दिसते, हॉटेलने राखलेला किनारा मात्र स्वच्छ असतो. जुहूची अवस्था पाहिलेला माणूस हे मान्य करील. पण स्वच्छतेचे श्रेय फाटकाला देणे बरोबर नाही, ते रोज झाडणाऱ्या हातांना आणि त्यासाठी नेमाने होणाऱ्या खर्चाला द्यायला हवे. २०२० मध्ये भारतातल्या आठ किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. त्यांत ओडिशाचा पुरी होता, गुजरातचा शिवराजपूर होता, अंदमानच्या स्वराज द्वीप बेटावरचा राधानगर होता. ज्या पुरीला वर्षभर यात्रेकरूंची रीघ लागलेली असते, तिथला किनारा नीट राखता येत असेल तर गर्दी आणि घाण यांची सांगड अटळ मानता येणार नाही. दुसरे म्हणणे रोजगाराचे. हॉटेलाने लोकांना काम मिळते, हे खरेच आहे, आणि हॉटेल नको असे इथे कोणी म्हणतही नाही. हॉटेल स्वतःच्या जमिनीवर आहे, त्याचे पाहुणे पाच पावलांत वाळूवर उतरतात, हा त्याचा लाभ वाटेमुळे कमी होत नाही. उलट किनारा बंद झाला की आधीपासून तिथे चालत आलेला रोजगार जातो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापण ओढणारे मच्छीमार वाळूवर रांगेने उभे राहून दोन्ही बाजूंनी जाळे ओढतात. त्याला लांबलचक मोकळा काठ लागतो, होड्या ओढून ठेवायला आणि मासळी सुकवायला जागा लागते. आरामखुर्च्यांच्या रांगांमधून रापण ओढता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सगळेच काठ सगळ्यांना खुले केले तर कासवांनी अंडी कुठे घालावीत, पक्ष्यांनी कुठे उतरावे? कोकणातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात ती माणसांच्या वावरावर बंधने घालूनच. या आक्षेपाला माझा विरोध नाही, मला फक्त त्यात एक भेद करायचा आहे. निसर्गासाठी एखादा काठ बंद होतो तेव्हा तो सर्वांना सारखाच बंद होतो, मंत्र्यालाही आणि मजुरालाही. पैसे भरणाऱ्याला उघडा आणि इतरांना बंद असा काठ कासवांच्या कामाचा नसतो.

आता हिंगोलीकडे येऊ. औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे, त्याच्या वर परभणी जिल्ह्याच्या हद्दीवर येलदरी. उत्तरेला पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचे पाणी हिंगोली आणि यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांच्या अंगाला पसरलेले आहे. कयाधूच्या काठी नामदेवांचे नरसी आहे. या पाण्याच्या कडेला जे चालते ते बाहेरून येणाऱ्याला दिसतही नाही. दिवाळीनंतर धरणाचे पाणी उतरू लागते तशी ओली गाळाची जमीन उघडी पडते आणि तिथे गाळपेर होते. हरभरा, गहू, पुढे उन्हाळ्यात टरबूज-काकडी. या जमिनी बुडीत क्षेत्रात गेलेल्या, सरकारने संपादित केलेल्या, आणि त्या दर वर्षी तात्पुरत्या कसायला दिल्या जातात. पाणी जसे मागे सरते तसा काठ मागे सरतो, शेत त्याच्या मागे जाते, आणि पाऊस आला की सारे पुन्हा पाण्याखाली. त्याच काठावर भोई समाजाच्या होड्या लागतात, गुरे पाण्यावर येतात, दशक्रियेचे विधी होतात. ज्या गावांची घरेदारे या पाण्यात गेली त्यांचा तर या काठावर इतर कोणाहीपेक्षा मोठा नैतिक हक्क आहे.

मोठ्या धरणांलगतच्या मोकळ्या जागा आणि विश्रामगृहे पर्यटनासाठी खासगी विकासकांना दीर्घ भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण राज्याच्या जलसंपदा विभागाने गेल्या काही वर्षांत आखले आहे. त्यात मूलतः काही वावगे नाही. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला जिल्हा, उद्योग फारसे नाहीत, औंढ्याला येणारा भाविक दर्शन घेऊन त्याच दिवशी निघून जातो. तो एक रात्र सिद्धेश्वरच्या पाण्याजवळ थांबला तर कोणाला नको आहे? धरणाच्या भिंतीजवळ, दरवाजांजवळ सुरक्षेसाठी मनाई असणेही योग्यच. पण भाडेपट्टा जमिनीचा होतो आणि कुंपण काठापर्यंत जाते, हे वायंगिणीने शिकवले आहे. विश्वस्त सरकारचे तत्त्व फक्त समुद्रापुरते आहे असेही समजू नये. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टपणे मांडले ते डिसेंबर १९९६ मध्ये, हिमाचलात बियास नदीच्या काठावरच्या एका मोटेलच्या प्रकरणात, आणि त्या मोटेलला दिलेला जमिनीचा पट्टा रद्द केला. ज्या तत्त्वावर बियासचा काठ सोडवला गेला त्यावर पूर्णा आणि पैनगंगेचा काठही सोडवता येतो.

फक्त वेळ निघून गेल्यावर न्यायालयात सोडवण्यापेक्षा आधी लिहून ठेवणे कितीतरी स्वस्त पडते. काठच्या ग्रामपंचायतींनी गावनकाशा काढून धरणाकडे, नदीकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेची नोंद घ्यावी. जी वाट नकाशावर नाही पण पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे तिचा ग्रामसभेत ठराव करावा. आणि एखादी जागा भाडेपट्ट्याने जाणार असे कळले की त्या पट्ट्यातच गुरांची, होड्यांची आणि माणसांची वाट किती फुटांची आणि कुठून, हे घालायला लावावे. नुसती ‘लोकांची ये-जा अबाधित राहील’ अशी मोघम ओळ पुरत नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली शेताकडे, चराईकडे किंवा मासेमारीच्या जागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर तहसीलदार तो अडथळा दूर करायला लावू शकतात. पर्यटकाला या कलमाचा उपयोग नाही, तो काठच्या शेतकऱ्याला, गुराख्याला आणि भोयालाच आहे. मात्र त्यासाठी वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो.