जीपसाठी नवा क्लच

हौसेखातर डोंगरात किंवा नदीपात्रात जीप घेऊन जाणाऱ्या माणसाला क्लचची आठवण सहसा तो जळू लागल्यावरच होते. चढावर इंजिन ओरडते, गाडी मात्र जागची हलत नाही आणि करपल्याचा उग्र वास येतो. कशीबशी गाडी घरी पोचली की शोध सुरू होतो तो बाजारातील सर्वांत जबरदस्त क्लचचा. या शोधाची दिशाच बहुधा चुकलेली असते.

इंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि स्प्रिंगच्या बळाने त्यावर दाबणारी प्रेशर प्लेट यांच्या चिमट्यात एक चकती धरलेली असते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे पट्टे असतात आणि ती गिअर बॉक्सच्या दांड्यावर बसलेली असते. पॅडल दाबले की चिमटा सैल होतो. स्प्रिंगचा दाब, पट्ट्याचे घर्षण किंवा चकतीचा व्यास यांपैकी काहीही वाढवले तर पकड वाढते. परंतु त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. स्प्रिंग कडक केली तर खडकाळ वाटेवर तासाभरातच डावा पाय भरून येतो. सिरॅमिक पट्टे उष्णता उत्तम सोसतात; पण ते एकदम पकडतात, आणि जेथे गाडी खडकावरून बोटभर बोटभर पुढे न्यायची असते, तेथे हा झटका नकोसा होतो. शिवाय चाक दोन दगडांत अवचित अडकले, तर सौम्य पट्ट्याची चकती थोडी घसरून तो हिसका स्वतः पचवते. घसरायचेच नाकारणारा क्लच तो हिसका गिअरच्या दात्यांकडे आणि अ‍ॅक्सलकडे धाडतो. जळकी चकती पुष्कळदा गाडीला रखडत घरी आणते. तुटलेला अ‍ॅक्सल दरीच्या कडेला रात्र काढायला लावू शकतो.

सबब, प्रथम पाहायचे ते इंजिन. महायुद्धकाळातील विलीज जीपच्या इंजिनाचा कमाल पीळ सुमारे 142 न्यूटन-मीटर होता. 2010 साली आलेल्या महिंद्र थारच्या डिझेल इंजिनाचा 247. आपल्याकडे कित्येक जुन्या जीपांचे मूळ पेट्रोल इंजिन काढून तेथे डिझेल इंजिन बसवलेले आढळते. अशा गाडीच्या नोंदणीपत्रावरील साल क्लचच्या बाबतीत पुराव्यास धरता येत नाही. आत आज कोणते इंजिन, कोणते फ्लायव्हील आणि कोणता गिअर बॉक्स आहे, हे पाहूनच चकती मागवावी. टायरही विसरू नयेत. 28 इंचांचे काढून 31 इंचांचे चढवले, तर तोच चढ चढण्यास सुमारे 11 टक्के अधिक पीळ लागतो. एवढा फरक असला तरी त्या इंजिनाला योग्य मापाचा, साध्या सेंद्रिय पट्ट्यांचा चांगला संच बहुतेक हौशी चालकांना पुरतो.

जुना क्लच कशाने गेला, हे कळल्याशिवाय नवा बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली भिंत रंगवणे. पट्टा तेलकट असेल, तर इंजिनाचे किंवा गिअर बॉक्सचे ऑइल सील गळत आहे. पट्टा कोरडा पण करपलेला असेल, तर दोष बहुधा चालकाच्या पायाचा. चढावर ब्रेकऐवजी अर्धवट क्लचवर गाडी तोलून धरली, की क्लचपर्यंत आलेली इंजिनाची सारी शक्ती उष्णतेत जाते. गाडी तर तसूभरही सरकत नाही. लो रेंजचा दांडा त्यासाठीच दिलेला असतो. स्पितीसारख्या प्रदेशात मोह अधिक होतो, कारण चार हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरते आणि साधे पेट्रोल इंजिन दमते.

चकतीसाठी गिअर बॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलावे, फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा भेगा असल्यास ते तासून वा बदलून घ्यावे. जुन्या चकतीची धूळ मात्र हवेच्या नळीने कधीही उडवू नये. तीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर होणारा आजार कित्येक दशकांनी प्रकट होतो. ती धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. नवा क्लच बसल्यावर पहिले काहीशे किलोमीटर गाडी साध्या रस्त्यावरच हाकावी. तोवर पट्टा आणि फ्लायव्हील एकमेकांना नीट लागतात.