समुद्राचाही श्वास कोंडतो

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. नेमक्या याच सुमारास, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत तळाजवळच्या पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो. वरून मात्र काहीच कळत नाही.

मासे कल्ल्यांवाटे पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. आपल्या उबदार समुद्राच्या पृष्ठभागाशी तो लिटरमागे साधारण ६ ते ७ मिलिग्रॅम असतो. हे प्रमाण २ मिलिग्रॅमच्या खाली गेले की बहुतेक मासे ती जागा सोडतात. ज्यांना पळता येत नाही, अशा तळाशी राहणाऱ्या जीवांचे हाल होतात.

हे घडते कसे? अरबी समुद्रात सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीवर प्राणवायू अत्यल्प असलेल्या पाण्याचा जाड थर आहे. पावसाळ्यात वारे आणि प्रवाह यांमुळे खालचे थंड पाणी किनाऱ्याकडे वर चढते. त्यातल्या पोषक द्रव्यांवर सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात. त्या मेल्या की तळाशी जातात आणि त्यांना कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. त्यातच पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी हलके असल्याने झाकणासारखे वर पसरते. मग हवेतला प्राणवायू खाली पोहोचत नाही.

१९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९७ पासून अशा पाण्याच्या नोंदी ठेवत आले आहेत. तपासणीची मूळ पद्धत हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये शोधलेली. बाटलीत पाणी भरताच रसायने घालून त्यातला प्राणवायू जागीच पकडतात, मग त्याच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते आणि ते मोजले जाते. बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी हिशेब चुकतो.

याच संस्थेतील डॉ. वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. प्राणवायू संपल्यावर जिवाणू नायट्रेटवर गुजराण करतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, असे त्यात दिसले. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता वाढवतो. नायट्रेटही संपले, की तळाशी सडक्या अंड्याच्या वासाचा, विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो.

हे ऋतुचक्र नैसर्गिकच आहे. पावसाळा सरल्यावर प्रवाह उलटतात आणि पाणी सावरते. काळजी आहे ती त्यावर पडणाऱ्या भाराची. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत जगातील महासागरांनी सुमारे २ टक्के प्राणवायू गमावला आहे. शेतातली वाहून आलेली खते आणि शहरांचे सांडपाणी सूक्ष्म वनस्पतींना आणखी खाद्य पुरवतात. तापमानवाढ एका किनाऱ्याच्या हाती नाही. पण नाल्यातून समुद्रात काय सोडायचे, हे मात्र आपल्याच हाती आहे.