कपाशीचा नफा आणि हातांतील रोकड

वर्षाअखेर वहींत नफा दिसावा आणि तरीहि भर पावसाळ्यांत सावकाराचें दार ठोठवावें लागावें, हा अनुभव यवतमाळ जिल्ह्यांतील कपाशी करणाऱ्या पुष्कळ कुटुंबांस नवा नाहीं. याचें कारण असें कीं, नफा व रोकड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नफा हा सबंध वर्षाचा हिशेब. मजुराची मजुरी मात्र त्या त्या आठवड्यास द्यावी लागते.

समजा, एका कोरडवाहू शेतकऱ्यानें दहा एकर कपाशी लावली. नांगरट, बियाणें, खत, निंदण, डवरणी व फवारणी मिळून पोळ्यापर्यंत १,७०,००० रुपये गेले. पुढें वेचणी व वाहतुकीस ५०,००० लागले. ४० क्विंटल कापूस ७,००० च्या भावानें विकल्यास २,८०,००० येतात. म्हणजे नफा ६०,०००. परंतु पेरणीच्या वेळीं हातीं १,१०,००० च होते. पोळ्यास ६०,००० ची तूट पडली. ती दरमहा शेंकडा ३ रुपये व्याजानें चार महिन्यांकरितां भागविली, तर व्याज ७,२०० होतें. शिवाय वेचणीची मजुरी चुकविण्यासाठीं पहिल्या वेच्याचा २० क्विंटल ओलसर कापूस क्विंटलमागें ५०० रुपये कमी घेऊन विकावा लागला, तर १०,००० आणखी गेले. नफ्याचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग केवळ वेळेवर पैसा नसल्यामुळें बुडाला!

भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदींत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असल्यास पूर्ण भाव मिळतो. १२ टक्क्यांवर असल्यास माल घेतला जात नाहीं. ज्याच्यापाशीं मजुरीपुरती रोकड आहे, तोच कापूस वाळवून थांबूं शकतो.

यास्तव तीन गोष्टी कराव्या. पहिली, अक्षय्य तृतीयेस महिनेवार आवक-जावकेचा तक्ता मांडावा; घरखर्च, मुलांची फी व सणवार त्यांत अवश्य धरावे. सर्वांत मोठी तूट कोणत्या महिन्यांत येते, हें त्यावरून आधींच कळतें. दुसरी, तूट येण्यापूर्वींच बँकेकडे जावें. १९९८ सालीं सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डावर जेवढी रक्कम उचलावी तेवढ्यावरच व्याज पडतें. तेव्हां सर्व रक्कम ज्येष्ठांत एकदम न उचलतां लागेल तशी उचलावी. तिसरी, थोडा मूग वा उडीद करावा. तो भाद्रपदाच्या सुमारास हातीं येतो. दुधाचा पैसा तर बारमाही येतो.

पीक बुडविणें वा तारणें निसर्गाच्या हातीं असेल; पण तूट कोणत्या महिन्यांत येणार हें जाणणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.