दट्ट्याच्या मागचं ग्रीस

छऱ्याच्या बंदुकीचा चाप ओढला की बाजूला उभ्या असलेल्याला एकच 'फट्' ऐकू येतो. दस्त्याला गाल टेकवलेल्या माणसाला मात्र त्या ठोक्यामागून आणखी काहीतरी जाणवतं. 'झंऽऽण' करत लांबत जाणारी थरथर, थेट गालफडात. ती स्प्रिंगची. दट्ट्या पुढे जाऊन थांबला तरी स्प्रिंगचे वेढे थांबलेले नसतात. ही झणझण घालवायची म्हणून लोक वंगण शोधायला निघतात, आणि बहुतेकांचा हात पहिल्यांदा जातो तो शिवणयंत्राच्या तेलाच्या कुपीकडे.

कराडच्या अलीकडे एका मिस्त्रींकडे मी अधूनमधून जाऊन बसतो. फवारणीचे पंप हा त्यांचा रोजचा धंदा, पण जत्रांचा हंगाम जवळ आला की फुगे फोडायच्या स्टॉलवाल्यांच्या बंदुका त्यांच्याकडे येऊन पडतात. सगळ्या नळी मोडून भरायच्या, 4.5 मिमी छऱ्याच्या. कुणाचा दस्ता तारेने बांधलेला, कुणाची माशी वाकडी. नेमबाजीच्या स्पर्धेतल्या एअर रायफली आता दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर चालतात, त्यामुळे ऑलिंपिकच्या रेंजवर स्प्रिंगचा प्रश्न उरलेला नाही. जत्रेत तो आहे, आणि घरी जुनी बंदूक बाळगणाऱ्या हौशी लोकांकडे आहे.

मागची टोपी काढताना मिस्त्री कुणाला समोर उभं राहू देत नाहीत. बंदूक भरलेली नसली तरी आतली स्प्रिंग थोडी दाबूनच बसवलेली असते. हात निसटला तर टोपी दात पाडेल. स्क्रूच्या शिकंज्यात धरून ती हळूहळू सैल करायची. मग बाहेर येतं ते काळं लिबलिबीत प्रकरण: जुनं ग्रीस, त्यात लोखंडाचा बारीक कीस, आणि कुठून आली कळत नाही अशी धूळ. हे सगळं पेट्रोलमध्ये धुतात. डिझेलमध्ये कधीच नाही, आणि या नकारातच वंगणाचं अर्धं शास्त्र आहे.

चाप ओढल्यावर खटका सुटतो, स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्यापुढची हवा कोंडते आणि एका बारीक भोकातून छऱ्यामागे शिरते. सगळा कारभार सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतो. इतक्या घाईत दाबलेल्या हवेला गार व्हायला सवड मिळत नाही. हवा शंभरपट दाबाला नेली आणि उष्णता अजिबात बाहेर जाऊ दिली नाही, तर कागदावरच्या हिशेबाने तापमान 800 अंश सेल्सियसच्या वर जातं. प्रत्यक्षात बरीच उष्णता लोखंडात मुरते, पण उरते तीही थोडीथोडकी नसते. त्या हवेत तेलाचा थेंब सापडला तर तो पेटतो. डिझेल इंजिनात होतं तेच.

इंग्लंडात कार्ड्यू बापलेकांनी स्प्रिंगच्या बंदुकांवर बरेच प्रयोग केले. 1995 मध्ये त्यांचं 'द एअरगन फ्रॉम ट्रिगर टू टार्गेट' हे पुस्तक आलं. त्यांच्या कामातला सगळ्यात गाजलेला प्रयोग साधा आहे: बंदूक हवेऐवजी नायट्रोजनमध्ये उडवून पाहायची. नायट्रोजनमध्ये तेल जळत नाही. छऱ्याचा वेग दणकून घसरला. म्हणजे तगड्या बंदुकीत थोडंसं वंगण नेहमीच जळत असतं आणि त्याचा हातभार वेगाला लागतो. जळणं वाईट नाही. बेताल जळणं वाईट. ते झालं की नळीतून धूर येतो, बार कडाडतो, दट्ट्या उलटा फेकला जातो आणि स्प्रिंगला असा हिसका बसतो की ती एखाद्या दिवशी तुटते.

स्टॉलवाल्यांना हे पुस्तकावाचून ठाऊक आहे. भोकातून तेलाचे दोन थेंब सोडले की बंदूक 'खऱ्यासारखी' वाजते, चार पोरं गोळा होतात. दट्ट्याच्या तोंडावरचं चामड्याचं वायसर मात्र करपून कडक होतं. चामड्याला थोडं ओलेपण लागतंच, नाहीतर ते आक्रसून हवा सोडतं. तिथे सिलिकॉन तेल बरं, कारण ते सहजी पेट घेत नाही. म्हणून हुरळून जाऊन तेच सिलिकॉन स्प्रिंगलाही लावणारे आहेत. लोखंडावर लोखंड घासतं तिथे सिलिकॉनचा थर टिकत नाही, आणि मग वेढ्यांवर चकाकणारे चट्टे पडतात.

तर दट्ट्याच्या पुढे जवळजवळ काहीच नको. मागे काय हवं?

स्प्रिंग दाबली की ती नुसती आखडत नाही, किंचित पिळतेही. तिची टोकं फिरतात. मधले वेढे आतल्या गाइडला आणि बाहेर दट्ट्याच्या भिंतीला घासतात. टोकांना आणि दट्ट्याच्या कडांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट लावायची. तिचे सूक्ष्म थर एकमेकांवरून घसरतात, तेल पिळून गेलं तरी ते जागेवर राहतात. मिस्त्री ती बोटाने चोळून चोळून इतकी पातळ करतात की लोखंडावर फक्त करडी झाक उरते.

वेढ्यांची गरज वेगळी आहे. त्यांना निसटतं वंगण नको, चिकट हवं. पातळ तेल पहिल्या काही बारांतच उडतं आणि दट्ट्याला वळसा घालून पुढे जातं, जिथे ते जायला नको तिथेच. शिवाय त्याने थरथर तसूभर कमी होत नाही. चिकट ग्रीस वेढा आणि गाइड यांच्यामधल्या फटीत बसतं आणि थरथरीची ताकद खाऊन टाकतं. अमेरिकेतले हौशी लोक यासाठी 'हेवी टार' नावाचं डांबरासारखं काळं वंगण वापरत आले. नंतर 'अल्मागार्ड' नावाचं लाल, तार सुटणारं औद्योगिक ग्रीस नळकांड्यात भरून त्याच कामाला विकलं जाऊ लागलं. आपल्याकडे मिस्त्री उघड्या गिअरांना लावायचं काळं ग्रीस आणतात. त्यांची परीक्षा अशी: चिमटीत थोडं घ्यायचं, अंगठा आणि बोट सावकाश लांब न्यायचं. चेसिसचं पिवळं ग्रीस लगेच लोण्यासारखं तुटतं. हे पाकासारखी तार धरतं, एकतारीच्याही पुढची. तार जितकी लांब तितकी झणझण कमी.

पण तितकाच वेगही कमी, हे सांगायला हवं. ग्रीस जाड थापलं की स्प्रिंगची ताकद ते ओढण्यातच जाते. थंडीत ते आणखी घट्ट होतं. महाबळेश्वरच्या पहाटे आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात एकच बंदूक सारखी वागणार नाही. उन्हाळ्यात हलक्या ग्रीसमधलं तेल सुटून खाली ओघळतं, आणि बंदूक नळी खाली करून कोपऱ्यात उभी असेल तर ते थेट दट्ट्यापुढे. टूथब्रशने वेढ्यांवर बाहेरून लावायचं, वेढ्यांमधून आरपार दिसत राहिलं पाहिजे, एवढंच मिस्त्रींचं माप.

माझं मत विचाराल तर ग्रीस ही मलमपट्टी आहे. गाइड ढिला असेल तर त्याची ढिलाई ग्रीसने झाकते, जात नाही. शेजारच्या लेथवर नायलॉनचा नवा गाइड स्प्रिंगमध्ये दाबून बसेल असा कातून घेतला, तर बोटाला लागेल एवढ्या ग्रीसमध्ये भागतं. मिस्त्रींना ते मान्य आहे. स्टॉलवाला त्याचे पैसे देत नाही, ही त्यांची अडचण.

एक स्टॉलवाला तर दुरुस्त केलेली बंदूक परत घेऊन आला. तक्रार अशी की फुगे फुटतात, पण मजा गेली.

"आवाजच गेला की वो मिस्त्री. पोरं फिरकंनात. दोन थेंब तेल सोडा की."

मिस्त्रींनी बंदुकीला हातही लावला नाही. "आवाज फुग्यातनं येऊ दे की," ते म्हणाले. "जरा टम्म फुगवत जा."