उत्तर न सांगण्याचे कौशल्य

गावात आरोग्याची बैठक घ्यायची म्हणजे माहिती सांगून उठायचे, हीच पद्धत बरीच वर्षे चालत आली. चित्रे, गोष्टी, खेळ आणि छोटी नाटुकली यांच्या आधारे लोकांना बोलते करणे, त्यांच्या अडचणींवर त्यांनाच मार्ग शोधू देणे हे काम त्याहून बरेच अवघड आहे. ते करणाऱ्याला सुलभक म्हणतात. या कामाने किती जीव वाचतात, हे झारखंडमधल्या चक्रधरपूरच्या ‘एकजुट’ संस्थेने संशोधक सहकाऱ्यांसह मोजून दाखवले.

झारखंड आणि ओडिशातील तीन जिल्ह्यांत, मुख्यतः आदिवासी वस्तीच्या ३६ विभागांत २००५ ते २००८ दरम्यान हा प्रयोग झाला. निम्म्या विभागांत बायकांचे गट दर महिन्याला जमत. बैठका घेणाऱ्या बाया त्याच परिसरातल्या होत्या, डॉक्टर किंवा नर्स नव्हत्या. वीस बैठकांत गट आधी अडचणी ठरवी, मग उपाय निवडी, ते करून पाही आणि शेवटी काय साधले ते तपाशी.

अशा बैठकीतला ‘का’चा खेळ साधा असतो. नाळ चिघळून बाळ दगावल्याची एक गोष्ट सांगितली जाते. का दगावले? जुन्या ब्लेडने नाळ कापली. जुने का? घरात नवे नव्हते. का नव्हते? कळा अचानक सुरू झाल्या, तयारी केलेली नव्हती. का नव्हती? पैसे नवऱ्याच्या हातात. पहिल्याच प्रश्नाला सुलभक बाईच्या ओठांवर जंतुसंसर्गाची सगळी माहिती आलेली असते. ती तिथेच थोपवणे, हा तिच्या शिक्षणातला सर्वांत कठीण धडा. ‘तयारी कोण करणार?’ हा प्रश्न बायकांच्या तोंडून निघाला, तरच पुढच्या बाळंतपणात नवे ब्लेड हजर असते.

कोणती अडचण आधी घ्यायची, यासाठी चित्रांवर खडे ठेवून मत देण्याची रीतही अशीच विचारपूर्वक निवडलेली. लिहिता-वाचता न येणारीला ती जमते आणि सासूसमोर तोंड न उघडणारी सूनही निदान खडा ठेवू शकते.

हे कौशल्य पुस्तक वाचून येत नाही. प्रशिक्षणात एकीने बैठक घ्यायची आणि बाकीच्यांनी गावातली माणसे व्हायचे: सगळ्यांच्या वतीने बोलणारी सासू, मागे गप्प बसलेली सून, ‘यात आम्हाला काय मिळणार?’ असे विचारणारी शेजारीण. मग कुठे घाई झाली, कोण बोलायचे राहिले, याची चर्चा. ‘हो-नाही’वर न थांबणारा प्रश्न विचारायला आणि शांतता सोसायला अशानेच जमू लागते. गटात मूल गमावलेली आईही असते. गोष्ट ऐकून ती रडू लागली तर खेळ थांबवता आला पाहिजे. आणि रक्तस्राव होत असलेल्या बाईला चर्चेत न गुंतवता तडक दवाखान्यात पाठवायचे, हेही पक्के ठाऊक हवे.

प्रयोगाच्या तीन वर्षांत गट असलेल्या विभागांत नवजात बालकांचे मृत्यू इतर विभागांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होते. दवाखान्यात जाण्याचे प्रमाण फारसे वाढले नव्हते; सुधारली ती मुख्यतः घरच्या बाळंतपणातली स्वच्छता आणि बाळाची काळजी. तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्यही ५७ टक्क्यांनी कमी आढळले.

नुसत्या कौशल्यावर मात्र भागत नाही. बांगलादेशात याच पद्धतीच्या पहिल्या प्रयोगात सुमारे १,४०० लोकांमागे एकच गट होता. फार थोड्या गर्भवती बैठकांना आल्या आणि मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. पुढे सुमारे ३०० लोकांमागे एक गट केल्यावर परिणाम दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली ग्रामीण भागासाठी या पद्धतीची शिफारस केली. नंतर झारखंड-ओडिशात आशाताईंनीच, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी, बैठका घेतल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले.