लंबकाचा झोका आणि विषयाबाहेरचा प्रश्न

सरकारी दवाखान्यात सकाळी केसपेपर काढून माणसे आपापल्या रांगेत उभी राहतात, हे तुम्ही पाहिले असेल. डोळ्यांच्या रांगेत तासभर थांबलेला एखादा गृहस्थ आत जातो आणि म्हणतो, "साहेब, कान दुखतोय." डॉक्टर केसपेपरावर काहीतरी खरडतात आणि सांगतात, "बारा नंबरला जा." गृहस्थाचा कान दुखत नाही असे डॉक्टरांचे म्हणणे नसते. मागे चाळीस माणसे डोळे दाखवायला उभी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पण समजा, तो म्हणाला, "डोके दुखतेय." तर? डोकेदुखी डोळ्यांमुळे असेल, दातामुळे असेल, नाहीतर सर्दीमुळे असेल. कोणत्या रांगेत उभे राहायचे हे कळायला आधी निम्मा आजार कळावा लागतो!

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थ्याची गत अशीच झाली. हा सोलापूरचाच मुलगा, अकरावीतला. संगणकाचा नाद असल्याने त्याने पायथन भाषेत लंबकाचा एक प्रोग्राम लिहिला. एक मीटर लांबीचा लंबक १० अंशांवरून सोडला, तर पुढे प्रत्येक क्षणी तो कोठे असेल हे संगणकाने सांगायचे. हवेचा विरोध धरलेला नव्हता. म्हणजे लंबकाने दोन्ही बाजूंना १० अंशांपर्यंत झुलत राहायला हवे. याचा लंबक मात्र दर झोक्याला थोडा अधिक वर चढे आणि १० सेकंदांत तो १६ अंशांवर गेला. कोणी ढकलत नसताना झोका वाढतो, म्हणजे ऊर्जा फुकटात मिळू लागली म्हणायची!

इंटरनेटवर प्रोग्रामर मंडळींचे समूह असतात. तेथे कोणीही शंका विचारावी आणि जाणकारांनी फुरसतीच्या वेळात, एक पैसाही न घेता, उत्तर द्यावे अशी रीत आहे. अशा एका ठिकाणी याने लिहिले, "माझा लंबक चुकतोय, कृपया लवकर मदत करा," आणि खाली प्रोग्रामच्या नव्वद ओळी जशाच्या तशा चिकटवल्या. अर्ध्या तासात शेरा आला, "विषयाबाहेरचा प्रश्न." प्रश्न बंद. मुलगा इतका हिरमुसला की पुढचे तीन आठवडे त्याने वर्गातही हात वर केला नाही. मला हे उशिरा कळले, आणि कळले तेव्हा थोडी शरमही वाटली. कारण "हे अभ्यासक्रमात नाही" हे वाक्य मीही वर्गात अनेकदा टाकलेले आहे.

ही विषयाची कुंपणे आली कोठून? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९७९ साली 'यूजनेट' नावाची संदेशव्यवस्था आखली आणि १९८० साली ती खुली झाली. माणसे वाढली तसे संदेश वाढले आणि हवी ती गोष्ट सापडेना. १९८७ साली सगळ्या चर्चागटांना नवी नावे देऊन त्यांचे मोठे विभाग पाडण्यात आले. संगणकाचा एक, विज्ञानाचा एक, करमणुकीचा एक, असे. ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावतात, तसाच हा प्रकार. पुढे २००८ साली सुरू झालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'ने तर प्रोग्रामिंगपुरतेच प्रश्न घ्यायचे ठरवले. भौतिकशास्त्र आणि गणित यांसाठी त्याची भावंडे निराळी निघाली. येथे दिलेले उत्तर एका विचारणाऱ्यापुरते नसते. पाच वर्षांनी तीच अडचण आलेला कोणी अनोळखी माणूस ते शोधत येतो. लंबकाचे उत्तर भलत्या कपाटात ठेवले, तर त्याला ते सापडायचे कसे?

म्हणून शेरा मारणाऱ्याची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पण माझ्या मते त्याने अर्धेच काम केले. दवाखान्यातील डॉक्टरांनी निदान बारा नंबर तरी सांगितला होता!

आता गंमत पाहा. आमच्या विद्यार्थ्याने हार मानली नव्हती. संगणक आकडे तोडून ठेवतो, त्यामुळे चूक साठत जाते, अशी त्याने स्वतःच समजूत करून घेतली आणि त्याच ठिकाणी नवा प्रश्न टाकला : पायथनमध्ये दशांश स्थळे कशी वाढवायची? हा प्रश्न काटेकोरपणे विषयाला धरून होता. उत्तरही अचूक आले. त्याने स्थळे वाढवली. लंबक पुन्हा १६ अंशांवर! पायथन नेहमीच्या हिशेबातही सुमारे पंधरा-सोळा सार्थ अंक सांभाळतो. हजार पायऱ्यांत त्यातून सहा अंशांची चूक निघणे शक्यच नाही. खरी शंका मनात ठेवून आपल्याला सुचलेल्या उपायाबद्दलच विचारले, की असे होते. पोट दुखत असताना औषधाच्या दुकानात जाऊन डोकेदुखीची गोळी मागावी, आणि दुकानदाराने ती बिनचूक द्यावी, तसे.

शेवटी तो माझ्याकडे आला. मी त्याला उत्तर सांगितले नाही. (खरे सांगायचे, तर मलाही ते लगेच सुचले नव्हते.) आम्ही फक्त रांग शोधायचे ठरवले. दोष तीन ठिकाणी असू शकत होता : निसर्गनियम लिहिण्यात, प्रोग्राम लिहिण्यात, किंवा हिशेबाच्या पद्धतीत. प्रयोगशाळेत आपण एक राशी बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो, तसेच येथेही करता येते.

पहिली कसोटी निसर्गनियमाची. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका पूर्ण झोक्यास सुमारे २ सेकंद लागतात. प्रोग्रामही २ सेकंदच दाखवत होता. म्हणजे सूत्र ठीक. दुसरी कसोटी प्रोग्रामची. पहिल्या तीन पायऱ्या आम्ही कागदावर हाताने केल्या. आमचे आकडे आणि संगणकाचे आकडे एकच. म्हणजे आपण सांगितले तेच संगणक इमानाने करत होता. तिसऱ्या कसोटीत आम्ही पायरी लहान केली. त्याने दर ०.०१ सेकंदाने हिशेब केला होता, तो ०.००१ सेकंदाने केला. १० सेकंदांनंतर झोका १६ अंशांऐवजी साडेदहा अंशांवर आला! चूक पायरीच्या मापाबरोबर बदलते, तेव्हा रोग पद्धतीत आहे. हा प्रश्न गणिताच्या त्या शाखेचा होता, जिला संख्यात्मक विश्लेषण म्हणतात.

पद्धत साधी होती. ऑयलर या गणितज्ञाने १७६८ साली ती दिली. आत्ताच्या वेगाने लंबक क्षणभर सरळ पुढे न्यायचा, आत्ताच्या त्वरणाने वेग बदलायचा, आणि पुन्हा तेच. यात बिघडते काय, ते एका आकृतीतून दिसेल. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर लंबकाचा कोन घ्या आणि उभ्या अक्षावर त्याचा वेग, योग्य प्रमाणात. झोका लहान असेल तर खरा लंबक या कागदावर वर्तुळात फिरतो. ऑयलरची पायरी मात्र वर्तुळावरून जात नाही, ती स्पर्शिकेवरून जाते. आणि स्पर्शिकेवरून कोणत्याही बाजूला सरकलात, तरी तुम्ही वर्तुळाच्या बाहेरच पडता! तेथून पुढची पायरी थोड्या मोठ्या वर्तुळाच्या स्पर्शिकेवरून. त्रिज्या वाढतच जाते.

किती वाढते, हे पायथागोरस सांगतो. त्रिज्येचा वर्ग दर पायरीला १ + (९.८ × ०.०१ × ०.०१), म्हणजे १.०००९८ पट होतो. येथे ९.८ हे गुरुत्वीय त्वरण भागिले लंबकाची लांबी. वाढ नगण्य वाटते ना? पण १० सेकंदांत हजार पायऱ्या होतात, आणि चक्रवाढ व्याजाप्रमाणे तो वर्ग २.६६ पट होतो. वर्गमूळ काढा : १.६३. दहा अंशांचे सोळा अंश कसे झाले ते आले ध्यानात?

हे गणित आम्हांला नंतर कळले. त्याआधी प्रश्न लिहायचा होता. मी त्याला डॉ. जयंत नारळीकरांची (१९३८–२०२५) गोष्ट सांगितली. व्याख्यानानंतर मुले सहीसाठी वह्या पुढे करीत, तेव्हा ते सही देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तर माझ्या सहीनिशी येईल, असे सांगत; आणि तशी उत्तरे ते पाठवीतही. पोस्टकार्डावर जागा ती केवढी! तेवढ्यात एकच प्रश्न मावणार आणि तोही नीट विचार केलेला.

आम्हीही पोस्टकार्डाएवढाच मजकूर धरला. नव्वद ओळींपैकी रंग, आलेख, खिडक्या सगळे काढून टाकले. चूक दाखवायला पुरतील एवढ्या आठ ओळी उरल्या. काय यायला हवे, काय आले, कोणत्या तीन कसोट्या लावल्या आणि त्यांतून काय दिसले, हे चार वाक्यांत लिहिले. "लवकर" हा शब्द खोडला. घाई आपली असते, उत्तर देणाऱ्याची नव्हे. हाच प्रश्न एकाच वेळी तीन ठिकाणी टाकावा असे त्याच्या मनात होते, तेही मी थांबवले. एके ठिकाणी उत्तर मिळालेले असताना दुसरीकडे कोणीतरी संध्याकाळ घालवून तेच लिहीत बसतो.

या वेळी प्रश्न गणिताच्या दारात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आले : दोन ओळींचा क्रम बदला. आधी नवा वेग काढा आणि त्या नव्या वेगाने लंबक पुढे न्या. बस्स, एवढेच! ॲलन क्रोमर या अमेरिकन प्राध्यापकाने १९८१ साली या युक्तीवर लेख लिहिला. तिच्याकडे त्यांचे लक्ष वेधले ते एका शाळकरी विद्यार्थिनीच्या प्रोग्रामने. तिच्या प्रोग्राममध्ये ओळींचा क्रम असा होता आणि उत्तरे फुगत नव्हती. तिचा क्रम पुस्तकातल्यासारखा नाही म्हणून क्रोमर यांनी तो बाजूला सारला नाही. असे का होते, याचे गणित त्यांनी मांडले.

आमच्या विद्यार्थ्याने मग आपल्या जुन्या, बंद पडलेल्या प्रश्नाखालीही एक ओळ लिहिली : उत्तर मिळाले, ते अमुक ठिकाणी आहे. त्याचा हात वर्गात पुन्हा वर होऊ लागला आहे. मीही फळ्याचा उजवा कोपरा राखून ठेवला आहे. तासाच्या विषयात न बसणारा प्रश्न तेथे लिहायचा आणि शनिवारी घ्यायचा.

सध्या त्या कोपऱ्यात त्याचाच प्रश्न आहे. क्रम बदलल्यावर झोका वाढत नाही, पण कागदावरील आकृती बारकाईने पाहिली तर ती वर्तुळही राहत नाही. पायरी मुद्दाम मोठी, ०.२ सेकंदांची घ्या, म्हणजे तिचा आकार डोळ्यांना स्पष्ट दिसेल. कोणता आकार मिळाला आणि तो कोणत्या बाजूला कललेला आहे, ते काढून पाहा.